साक्षीदाराची सनद

नोटरी म्हणजे शासनाने नेमलेला साक्षीदार होय. अमुक माणसाने, अमुक दिवशी, आपल्या समक्ष या कागदावर सही केली किंवा अंगठा उमटवला, एवढेच तो शिक्क्यानिशी सांगतो. मात्र त्याचे हे सांगणे ज्याने तो माणूस कधी पाहिलेला नाही अशा दूरच्या कचेरीलाही प्रमाण मानता यावे, यासाठी कायद्याने त्याच्या शब्दाला विशेष वजन दिले आहे. शासकीय मराठीत त्याला ‘लेखप्रमाणक’ असा शब्द आहे, परंतु लोकांच्या तोंडी ‘नोटरी’ हाच शब्द रुळला असून ‘कागद नोटरी करून आणा’ अशा बोलण्यातून तो माणसाचे नाव न राहता एका क्रियेचेच नाव झाला आहे. या बदलात शब्दाबरोबर समजही थोडी घसरली आहे, कारण शिक्का मारणे हे नोटरीच्या कामाचे शेवटचे पाऊल असते आणि खरे काम त्याच्या आधी, समोरच्या माणसाची ओळख पटवताना आणि त्याला कागद कळला आहे की नाही हे पाहताना झालेले असते.

नोटरी कसे होता येते आणि झाल्यावर नेमके काय करावे लागते, हे पाहण्यासाठी पालघर जिल्ह्यातील तारापूर आणि बोईसर हा टापू विशेष सोयीचा आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून घेतलेला किल्ला, खाडीपलीकडची चिंचणी, मासेमारीवर जगणारी किनाऱ्यावरील गावे, १९६९ साली वीजनिर्मिती सुरू केलेला देशातील पहिला अणुवीज प्रकल्प, बोईसर स्थानकाच्या आसऱ्याने वाढलेली आणि तारापूरचे नाव लावणारी औद्योगिक वसाहत, आणि पूर्वेला डोंगरउतारावरचे वारली, कोकणा, कातकरी व मल्हार कोळी पाडे, असे चार-पाच वेगवेगळे समाज येथे काही किलोमीटरांच्या आत राहतात. रासायनिक कारखान्याचा निर्यात विभाग, उत्तर प्रदेशातून आलेला कंत्राटी कामगार, नावेचा मालक आणि अंगठा उमटवणारी आदिवासी वृद्धा, या सर्वांना केव्हातरी नोटरीच्या टेबलापुढे बसावे लागते, आणि प्रत्येकाची गरज वेगळी असते.

साक्षीने कागद पक्का करण्याची रीत महाराष्ट्राला इंग्रजांनी शिकवली असे नाही. वतनाचा किंवा शिवेचा तंटा मिटवताना मराठेशाहीत जो महजर तयार होई, त्यावर गोतसभेतील लोकांची नावे आणि निशाण्या उमटत. पाटलाची निशाणी नांगर असे, आणि लिहिता न येणाऱ्याची साक्षही निशाणीमुळे नोंदली जाई. तेथे साक्षीदार अनेक असत आणि ते गावचेच असत, त्यामुळे कागदाचे बळ त्या गावच्या ओळखीतून येत असे. नोटरीची कल्पना याहून वेगळी आहे. प्राचीन रोममध्ये ‘नोटे’ म्हणजे लघुलेखनाची चिन्हे वापरून बोललेले टिपून घेणारा तो ‘नोटारियस’, आणि लोकांचे व्यवहार लिहून देणारा व्यावसायिक लेखक तो ‘टॅबेलियो’. युरोपात या दोन्ही परंपरा एकत्र येऊन ज्याचा कागद राज्याच्या सीमा ओलांडूनही मानला जाईल असा एकच विश्वासू लेखक तयार झाला. इंग्लंडमध्ये नोटरी नेमण्याचा अधिकार पोपकडून काढून १५३३ च्या कायद्याने कँटरबरीच्या आर्चबिशपकडे देण्यात आला, आणि त्याच्या ‘कोर्ट ऑफ फॅकल्टीज’ या कचेरीने नेमलेले नोटरी पुढे मुंबईसारख्या व्यापारी बंदरांतही काम करू लागले. भारताच्या १९५६ च्या नोटरी नियमांत, पात्र व्यक्तींच्या यादीत, इंग्लंडच्या ‘मास्टर ऑफ फॅकल्टीज’ने पूर्वी नेमलेल्या नोटरीचा उल्लेख आढळतो तो यामुळेच.

ब्रिटिश अमदानीत नोटरीचे मुख्य काम हुंडी आणि विनिमयपत्र यांच्याशी निगडित होते. विनिमयपत्र म्हणजे एका व्यापाऱ्याने दुसऱ्याला, तिसऱ्यास अमुक रक्कम द्यावी म्हणून लिहिलेली लेखी आज्ञा. ती स्वीकारण्यास किंवा तिचे पैसे देण्यास नकार मिळाला तर त्या नकाराची विश्वासार्ह नोंद हवी असे, आणि ही नोंद करणे यास ‘नोटिंग’, तर तिचे रीतसर प्रमाणपत्र देणे यास ‘प्रोटेस्ट’ म्हणत. म्हणून १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमातच, म्हणजे धनादेश, हुंड्या, वचनचिठ्ठ्या यांच्या कायद्यात, नोटरी नेमण्याची तरतूद १३८ आणि १३९ या कलमांत करण्यात आली होती. आज ‘एकशे अडतीस’ म्हटले की प्रत्येक व्यापाऱ्याला न वटलेला धनादेश आठवतो, पण ती तरतूद १९८८ च्या दुरुस्तीने आलेली आहे. १९५२ चा नोटरी अधिनियम आल्यावर जुनी दोन्ही कलमे रद्द झाली आणि रिकाम्या जागेवर पुढे धनादेशाचा गुन्हा येऊन बसला. नोटरी अधिनियम प्रत्यक्षात १४ फेब्रुवारी १९५६ पासून अमलात आला, त्याच वर्षी नोटरी नियम झाले, आणि आजही नोटरी होण्याचा मार्ग याच दोन दस्तऐवजांतून जातो.

या मार्गाची सुरुवात वकिलीने होते. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम पूर्ण करून उमेदवाराने १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाखाली महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे नाव नोंदवायचे, म्हणजे बोलीभाषेत सनद घ्यायची, आणि त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हायची. या नोंदणीसाठी राज्यांच्या बार कौन्सिल अनेक हजार रुपये आकारत असत. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायद्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा, म्हणजे सर्वसाधारण उमेदवाराकडून ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराकडून १२५ रुपये यांपेक्षा, अधिक नोंदणी शुल्क घेता येणार नाही असा निर्णय दिला. विक्रमगड किंवा तलासरीच्या पाड्यावरून शिकून आलेल्या मुलामुलींच्या दृष्टीने हा निर्णय मोलाचा आहे, कारण सनदेच्या दाराशीच पैशांअभावी अडण्याची वेळ त्यांच्यावरून टळू शकते.

सनद मिळाली म्हणजे नोटरी होता येते असे मात्र नाही. नियम ३ प्रमाणे सर्वसाधारण वकिलाला किमान १० वर्षे वकिली केलेली असावी लागते. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर मागासवर्गीय वकिलांसाठी, तसेच कोणत्याही समाजातील महिला वकिलांसाठी ही अट ७ वर्षांची आहे. याखेरीज भारतीय विधी सेवेतील सदस्य आणि न्यायिक अधिकारी म्हणून किंवा कायद्याचे विशेष ज्ञान लागणाऱ्या शासकीय पदावर काम केलेल्या काही व्यक्तीही पात्र ठरतात. इतकी वर्षे कशासाठी, असा प्रश्न तरुण वकिलांना पडतो. त्याचे उत्तर कामाच्या स्वरूपात आहे. शपथेवर खोटे बोलणारा कसा बोलतो, दडपणाखाली सही करणारा कसा बसतो, बनावट आधार कार्ड कसे दिसते, आणि मजकूर वाचून दाखवल्यावर ‘हो’ म्हणणाऱ्याला खरोखर कळले आहे की तो केवळ वेळ मारून नेत आहे, हे पुस्तकातून शिकता येत नाही. दहा वर्षे न्यायालयाच्या आवारात वावरलेल्या माणसाला ते बहुधा कळते, आणि ज्याला तेवढ्या काळातही कळत नाही त्याने हा व्यवसाय पत्करू नये हे बरे.

नोटरीची नेमणूक केंद्र सरकारही करते आणि राज्य सरकारही. केंद्राने नेमलेल्याचे कार्यक्षेत्र देशभर किंवा देशाच्या ठरावीक भागापुरते असू शकते. राज्याने नेमलेल्याचे ते राज्यापुरते, आणि व्यवहारात बहुधा जिल्हा किंवा तालुक्यापुरते असते. महाराष्ट्रात हे काम मंत्रालयातील विधी व न्याय विभागाकडे आहे. केंद्राने नोटरींच्या अर्जांसाठी व प्रमाणपत्रांसाठी २०२४ साली स्वतंत्र पोर्टल सुरू केले. प्रत्येक राज्यात किती नोटरी असावेत याची कमाल संख्या नियमांच्या अनुसूचीत ठरलेली असल्याने पात्र असणे आणि जागा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे उमेदवाराने आधीच ध्यानात घ्यावे.

अर्ज विहित नमुन्यात करावा लागतो. नियमांच्या जुन्या, मुळच्या भाषेत या अर्जाला ‘मेमोरियल’ म्हणजे विनंतिपत्र म्हटले आहे, आणि त्यावर अर्जदाराखेरीज दंडाधिकारी, राष्ट्रीयीकृत बँकेचा व्यवस्थापक, एक व्यापारी आणि ज्या भागात काम करायचे तेथील दोन प्रतिष्ठित रहिवासी यांच्या प्रतिस्वाक्षऱ्या असाव्यात अशी कल्पना आहे. हुंडी पटवणारा सराफ, व्यापारी आणि गावचे चार जाणते ज्याच्याबद्दल हमी देतात तोच साक्षीला योग्य, हा जुना व्यापारी विचार या तरतुदीत दिसतो, आणि महजरावर निशाणी करणाऱ्या गोतसभेपासून तो फार दूर नाही. वकिलाचा अर्ज तो जेथे वकिली करतो तेथील जिल्हा न्यायाधीश किंवा संबंधित न्यायालयाचे पीठासीन अधिकारी यांच्यामार्फत सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो.

पुढची छाननी कशी होते हे पाहिले म्हणजे या पदाचा स्थानाशी असलेला संबंध कळतो. अर्जदार त्या भागात राहतो काय, त्याला व्यापारविषयक कायद्यांचे ज्ञान व अनुभव किती आहे, त्याच्याविरुद्ध काही आक्षेप आहेत काय, आणि तो एखाद्या वकिली फर्मचा भागीदार असल्यास त्याच फर्ममधून आणखी नोटरी नेमणे योग्य आहे काय, हे तर पाहिले जातेच. पण त्या भागाचे व्यापारी महत्त्व आणि तेथे आधीपासून असलेल्या नोटरींची संख्या पाहता आणखी एकाची गरज आहे काय, हाही प्रश्न नियमांनीच विचारला आहे. बोईसरसारख्या ठिकाणी या प्रश्नाचे उत्तर उमेदवाराच्या बाजूने जाण्यास भरपूर आधार आहे. औषधे, रसायने, कापड आणि पोलाद यांच्या कारखान्यांना निविदा, हमीपत्रे, करारनामे आणि परदेशी ग्राहकांना पाठवायची घोषणापत्रे सतत लागतात. त्यातच तारापूरच्या उत्तरेला, डहाणू तालुक्यातील वाढवण येथे ७६,२२० कोटी रुपये खर्चाच्या बंदरास केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे त्याची पायाभरणी झाली. किनाऱ्यावरील मच्छीमारांचा या बंदराला दीर्घकाळ विरोध राहिला आहे आणि त्यांच्या उपजीविकेचा प्रश्न गंभीर आहे. बंदर उभे राहिल्यास मात्र जहाजभाड्याचे करार, मालाच्या नुकसानीची निवेदने आणि विलंबशुल्काचे वाद या किनाऱ्यावर येतील, आणि सागरी व्यापाराचा कायदा जाणणारा नोटरी येथे लागेल.

छाननीत टिकलेल्या अर्जदाराला मुलाखत मंडळापुढे जावे लागते. अर्ज मंजूर झाला की शुल्क भरल्यावर त्याचे नाव नोटरींच्या नोंदवहीत चढते आणि त्याला व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. या प्रमाणपत्राची मुदत पूर्वी तीन वर्षे होती. १९९९ च्या दुरुस्तीने ती पाच वर्षे झाली. मुदत संपण्याच्या बऱ्याच आधी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो. नूतनीकरण फक्त दोनदा, म्हणजे एकूण १५ वर्षेच काम करता यावे आणि नव्या वकिलांना वाव मिळावा, असा प्रस्ताव केंद्राने २०२१ च्या अखेरीस विधेयकाच्या मसुद्यातून चर्चेसाठी मांडला होता. जुन्या नोटरींना तो रुचणारा नव्हता, परंतु संख्येवर मर्यादा असलेल्या पदावर एकाच पिढीने तहहयात बसणे हेही न्यायाचे नाही.

प्रमाणपत्र हाती आले की नोटरीला काही साधने जमवावी लागतात, आणि तीच त्याची शिस्त ठरतात. शिक्का साधा, गोल आणि पाच सेंटिमीटर व्यासाचा असावा, त्यावर नाव, कार्यक्षेत्र, नोंदणी क्रमांक, ‘नोटरी’ हा शब्द आणि नेमणूक करणाऱ्या सरकारचे नाव असावे, असे नियम १२ सांगतो. शिक्क्याहून महत्त्वाची आहे ती नोंदवही. केलेल्या प्रत्येक कामाची तारीख, कामाचा प्रकार, संबंधित व्यक्तीचे नाव व पत्ता, दस्ताचा थोडक्यात मजकूर, लावलेले नोटेरियल तिकीट, घेतलेले शुल्क आणि संबंधिताची सही अशा रकान्यांत नोंद करावी लागते. दहा वर्षांनी एखादा माणूस न्यायालयात उभा राहून ‘ही सही माझी नाही’ असे म्हणाला, तर त्या दिवशी तो नोटरीसमोर आला होता की नाही याचे उत्तर या नोंदवहीत सापडते. म्हणून नोंदवही आधी आणि शिक्का नंतर, हा क्रम जो पाळतो तो कधी अडचणीत येत नाही. शुल्काचे दर नियम १० मध्ये ठरवून दिलेले आहेत, ते कचेरीच्या आत आणि बाहेर ठळक जागी लावणे बंधनकारक आहे, आणि घेतलेल्या पैशांची पावती द्यावी लागते. ग्राहकाने तो फलक वाचावा आणि पावती मागावी. त्यात संकोच करण्याचे काही कारण नाही. वर्षभराच्या कामाचे विवरण दर जानेवारीत सरकारकडे पाठवावे लागते.

अधिनियमाच्या कलम ८ मध्ये नोटरीची कामे सांगितली आहेत. त्यांतील सर्वांत परिचित म्हणजे दस्तांचे साक्षांकन आणि शपथ देऊन प्रतिज्ञापत्र घेणे. प्रतिज्ञापत्र म्हणजे शपथेवर किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञेवर केलेले लेखी कथन. ईश्वराच्या नावाने शपथ न घेणाऱ्याला प्रतिज्ञेची मुभा १९६९ च्या शपथ अधिनियमाने दिली आहे. दिवाणी दाव्यातील प्रतिज्ञापत्रावर न्यायालय, दंडाधिकारी यांच्याप्रमाणेच नोटरीही शपथ देऊ शकतो. येथे एक गोष्ट वाचकांनी जाणून घ्यावी की अनेक ठिकाणी नोटरीची गरजच उरलेली नाही: महाराष्ट्र शासनाने २०१५ पासून बहुतेक दाखल्यांसाठी स्वयंघोषणापत्र व स्वसाक्षांकित प्रती स्वीकारण्याचे धोरण ठेवले आहे, आणि जात, उत्पन्न किंवा रहिवास यांच्या दाखल्यासाठी शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्कही माफ आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये अनेक दस्तांचे किमान मुद्रांक शुल्क १०० रुपयांवरून ५०० रुपये झाल्यावर या माफीची माहिती नसलेल्या पालकांना विद्यार्थ्यांच्या दाखल्यांसाठी नाहक खर्च करावा लागला, आणि २०२५ साली महसूल खात्याला ही माफी पुन्हा जाहीर करावी लागली.

दुसरे मोठे काम कुलमुखत्यारपत्राचे. कुलमुखत्यारपत्र म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारा लेख. बोईसरच्या कारखान्यात पाळी करणाऱ्या कामगाराला बिहार किंवा ओडिशातील शेताच्या दाव्यासाठी दर तारखेला गावी जाणे परवडत नाही. तो भावाच्या नावे मुखत्यारपत्र करून देतो. नोटरीसमोर झालेले आणि त्याने प्रमाणित केलेले मुखत्यारपत्र तसेच झाले असे न्यायालयाने गृहीत धरावे, ही जुन्या १८७२ च्या पुरावा कायद्यातील तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कलम ८४ म्हणून कायम आहे. हजार-दीड हजार किलोमीटर दूरच्या न्यायालयात तो कागद उभा राहतो तो या गृहीतामुळे.

भाषांतर करणे आणि भाषांतर बरोबर असल्याचे प्रमाणित करणे हेही नोटरीचे काम आहे, आणि या सीमेलगतच्या जिल्ह्यात त्याला खास अर्थ आहे. १९६० च्या राज्यविभाजनात पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला, त्यामुळे किनारपट्टीतील अनेक कुटुंबांचे नातेवाईक, जमिनी आणि जुने कागद दोन राज्यांत व दोन लिप्यांत विभागले गेले. गुजराती उताऱ्याचे मराठी भाषांतर लागते तेव्हा दोन्ही भाषा वाचणारा नोटरी फार उपयोगी पडतो. परदेशात वापरायचे दस्त तयार करणे वा प्रमाणित करणे हे काम कारखान्यांना लागते. हेग येथील १९६१ चा ॲपोस्टिल करार भारतासाठी १४ जुलै २००५ पासून लागू झाल्यामुळे नोटरी, त्यानंतर राज्य शासनाचे किंवा व्यापारी मंडळाचे प्रमाणन आणि शेवटी परराष्ट्र मंत्रालयाचा ॲपोस्टिल शिक्का, असा क्रम पूर्ण झाला की तो कागद करारातील इतर देशांत चालतो. १९९९ च्या दुरुस्तीने न्यायालयाच्या आदेशावरून साक्षीपुरावा नोंदवणारा आयुक्त म्हणून, तसेच लवाद किंवा मध्यस्थ म्हणून काम करण्याची मुभाही नोटरीला मिळाली.

याच कलमात जहाजाच्या आणि नावेच्या ‘प्रोटेस्ट’चा उल्लेख आहे. वादळात किंवा अपघातात नुकसान झाल्यावर ते आपल्या हलगर्जीपणामुळे झाले नाही असे तांडेल किंवा कप्तान बंदरावर येताच शपथेवर नोंदवतो आणि नोटरी ते निवेदन तयार करतो. मोठ्या जहाजांच्या जगात ही पद्धत रूढ आहे. सातपाटीपासून डहाणूपर्यंतच्या किनाऱ्यावर, जिथे नावेवर घरादाराचे भांडवल लागलेले असते, ती वापरली जावी इतकी उपयोगाची आहे, कारण विम्याचा किंवा भरपाईचा दावा करताना घटनेनंतर ताबडतोब नोंदवलेले शपथेवरील निवेदन, महिन्यांनी जमवलेल्या साक्षींपेक्षा कितीतरी अधिक विश्वासाचे ठरते. कायद्यात ही सोय १९५२ पासून आहे आणि मच्छीमार संस्थांनी ती आपल्या सभासदांना सांगायला हवी.

नोटरी काय करू शकतो याइतकेच तो काय करू शकत नाही हे सांगणे आवश्यक आहे, किंबहुना या टापूत तेच अधिक आवश्यक आहे. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. दस्ताची नोंदणी १९०८ च्या नोंदणी अधिनियमाखाली दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात होते आणि १०० रुपये किंवा अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीशिवाय होऊच शकत नाही. बोईसरच्या चाळींत खोल्या भाड्याने देताना मुद्रांक कागदावर अकरा महिन्यांचा करार लिहून तो नोटरी करण्याची सवय सर्वत्र दिसते. पण १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, ती जबाबदारी घरमालकाची आहे आणि ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. करार नोंदलेला नसला तर वादाच्या वेळी भाडेकरू सांगेल त्या अटी, उलट पुरावा येईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. अकरा महिन्यांची मुदत ठेवली म्हणून नोंदणी टळते ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे.

याहून गंभीर विषय आदिवासींच्या जमिनीचा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची शेतजमीन बिगरआदिवासीकडे विक्री, दान, अदलाबदल, गहाण किंवा भाडेपट्ट्याने विहित परवानगीशिवाय जाऊ शकत नाही. ही तरतूद ६ जुलै १९७४ पासून लागू आहे. औद्योगिक वसाहत, महामार्ग आणि आता बंदर यांमुळे जमिनीला भाव आला की विसार पावती, साठेखत, न परतणारे कुलमुखत्यारपत्र आणि ‘ताबा दिला’ असे प्रतिज्ञापत्र, असे नोटरी केलेले चार कागद करून जमीन हाताखाली घालण्याचे मार्ग शोधले जातात. त्यांनी मालकी हस्तांतरित होत नाही. मुखत्यारपत्राच्या आधारे झालेल्या अशा ‘विक्रीने’ हक्क मिळत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात सर्वच जमिनींबाबत स्पष्ट केले आहे, आणि आदिवासी जमिनीबाबत तर कायद्याची भिंत त्याहून उंच आहे. कागद निरर्थक असला तरी त्याच्या जोरावर ताबा गेलेला असतो, आणि निरक्षर माणसाला लाल शिक्का पाहून सर्व कायदेशीर झाले असे वाटते. म्हणून अंगठा उमटवणाऱ्यासमोर मजकूर त्याच्या भाषेत, वारलीत असो की मांगेलीत, वाचून दाखवणे, त्याच्याच शब्दांत त्याच्याकडून परत वदवून घेणे आणि खरेदीदाराने सोबत आणलेल्या माणसालाच ओळख पटवणारा म्हणून न स्वीकारणे, ही केवळ सौजन्याची बाब राहत नाही. ‘वाचून दाखवले व समजावून सांगितले’ हे छापील वाक्य खोटे लिहिणारा नोटरी आपल्या पदाचा मूळ अर्थच नाकारतो.

विवाह आणि घटस्फोट यांबाबतही असाच गैरसमज होता. प्रतिज्ञापत्र नोटरी केले म्हणजे लग्न झाले किंवा मोडले असे समजणाऱ्यांची संख्या मोठी असल्याने केंद्रीय विधी व न्याय मंत्रालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नोटरींना बजावले की विवाहाचे वा घटस्फोटाचे असे लेख करणे हे त्यांच्या अधिकाराबाहेरचे आणि गैरवर्तन ठरणारे आहे. गोव्याची रीत येथे तुलनेसाठी घेता येते. पोर्तुगीज परंपरेतील नोटरी, जो रोमन ‘टॅबेलियो’चा वारस आहे, केवळ सहीचा साक्षीदार नसतो, तो दस्त स्वतः तयार करतो, पक्षकारांना कायदा सांगतो आणि मूळ प्रत आपल्या दप्तरी ठेवतो. गोव्यात आजही मृत्युपत्रे आणि वारसाहक्काचे लेख अशा विशेष नोटरीकडे, म्हणजे नागरी निबंधक तथा दुय्यम निबंधकाकडे होतात, आणि त्यासाठी राज्याचा २०१२ चा स्वतंत्र अधिनियम आहे. महाराष्ट्रातील नोटरीकडे ते अधिकार नाहीत, परंतु कायदा सांगण्याची ती सवय त्याने उचलण्यास कोणतीच आडकाठी नाही.

गैरवर्तन सिद्ध झाल्यास, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाल्यास, दिवाळखोरी आल्यास किंवा प्रमाणपत्राचे नूतनीकरण न केल्यास नोटरीचे नाव नोंदवहीतून काढले जाते. सही करणारा समोर नसताना शिक्का मारणे, मागील तारीख टाकणे, कार्यक्षेत्राबाहेर जाऊन काम करणे, कोरे शिक्के मारलेले कागद मुद्रांक विक्रेत्याकडे ठेवणे, हे सर्व गैरवर्तनात मोडते आणि नियम १३ प्रमाणे कोणाही पीडित व्यक्तीला विहित नमुन्यात सरकारकडे तक्रार करता येते. नोटरी नसताना तसे भासवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा आहे.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी स्वतंत्र झाला. त्याच्या आठ तालुक्यांतील बहुसंख्य तालुक्यांत आदिवासी लोकसंख्या मोठी आहे. तेथील माणूस ज्याच्याशी आपल्या बोलीत बोलू शकेल असा नोटरी तेथीलच वकिलांतून यायला हवा, आणि सात वर्षांची सवलत कायद्याने त्यासाठीच दिलेली आहे. २०२५ साली सनद घेऊन वकिली करू लागलेली डहाणूची वारली तरुणी २०३२ साली नोटरीच्या अर्जास पात्र होते.